झबल्यानं टाका धरला नाई

राम राम मंडळी. मी या ग्रुपात लय दिवसापासून हाये, पण तोंड उघडलं नोतं. एक म्हणजे मले लिहिता येत नाई. हे बी मी मोबाईलपाशी बोलून राहिलो आन् तो लिहून राहिला, चुका त्याच्या समजा. दुसरं म्हणजे तुमी लोकं जे किस्से टाकता ते मी बायकोले वाचाले लावतो आन् आमी दोघं पोट धरून हासतो. माफ करा, पण खरं हाये ते. मी अशा गोष्टी कधी मानल्याच नाई. इथं पातूरच्या लेण्याजवळ लहानपणी मी बकऱ्या चारल्या. लोकं म्हणत तिथं काई-बाई दिसते. मले तिथं भूत त सोडा, हरपलेली बकरी बी दिसली नाई. बापानं त्याचा मार देला तेवढाच अनुभव.

मंग आता काहून बोलून राहिलो? कारण माह्यासंग झालं ते भुताचं नाईच. ते एका झबल्याचं हाये... लहान लेकराच्या झबल्याचं.

पयले माही अक्कल सांगतो, म्हणजे तुमाले अंदाज येईन. मी गजानन, चौथीत दोनदा नापास. दुसऱ्या खेपेले मास्तरच म्हणे, गजा, तू आता वाडीतच जा, तिथं पालक तुले काई विचारत नाई. तवापासून वाडी. दीड एकर हाये आमची, भाजीपाला आन् बांधाच्या कडेनं झेंडू. तीन वर्षापयले मी ट्रॉलीतून पडलो. लोकं चालत्या ट्रॉलीतून पडतात, मी उभ्या ट्रॉलीतून पडलो. ट्रॅक्टर बंद, डायवर चहा पिऊन राहिला, आन् मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन वरून खाली. जुडीले काई झालं नाई. माही कंबर गेली.

डॉक्टर म्हणे चार-पाच महिने वाकाचं नाई. ताठ बसा, पाय हालवत राहा. आता ताठ बसून पाय हालवाचं घरात एकच काम होतं – शिलाई मशीन. आमच्या लग्नात आलेली, पायाची. सुनितानं, म्हणजे माह्या बायकोनं, ती कितीक वर्षं झाले चालवली नोती. तिच्यावर लोणच्याची बरणी राहे.

बरणी खाली ठेवली आन् यूट्यूब लावलं. त्याच्यात एक बाई शिकोते, लय सोपं करून सांगते. तिच्याकडे पाहून-पाहून मी पायजमा शिवला. घातला त चालताच येईना. दोन्ही पाय एकमेकाले शिवून टाकले होते.

सुनिता म्हणे, "अवो, हा पायजमा नाई, हे पोतं हाये. कांदे भरू?"

आन् भरले तिनं. अजूनही त्याच्यातच हायेत कांदे. मंग शर्ट शिवला, त खिसा आतल्या बाजूनं आला. तोच घालून बाजारात गेलो. लोकाईनं विचारलं त म्हतलं, चोरासाठी केला. पण हळूहळू हात बसला माहा. पिशव्या शिवल्या, टोपी शिवली, सुनिताच्या चष्म्याले घर शिवलं. मले त्याचा नाद लागला बाप्पा. वाडीत काई उगवाचं त पाणी पायजे, ऊन पायजे, देव पायजे. इथं काईच नाई लागत. दोन तुकडे घ्या, मधातून एक दोरा न्या, आन् ते एक होऊन जातात. मी शिवलेलं वढून-वढून पाहो. माह्यासारख्याच्या हातून काई जुळते, याचंच मले नवल वाटे.

आता मुद्द्यावर येतो.

आमाले एकच पोरगी. पूनम. अमरावतीले देली, जवाई चांगला हाये. सहा वर्षात तिले दोनदा दिवस गेले आन् दोन्ही खेपेले सातव्याच्या आत पोट रिकामं झालं. जास्त नाई सांगत त्याचं. एवढंच सांगतो की दुसऱ्या खेपेपासून पोरगी हासाची बंद झाली. पयले मी फोनवर काई बी बरळलो तरी ती खिदळे. मंग मी पायजम्याचा किस्सा सांगतला, कांद्यासकट... त म्हणे, "हाव बाबा." आन् फोन ठेवला.

मी ट्रॉलीतून पडलो त्याच वर्षी तिले तिसऱ्यांदा दिवस गेले. घरात कोनी त्याचं नावच घेत नोतं. सातवा लागला, सरला. आठवा लागला त माह्या अंगात काय शिरलं कोन जाणे, मी बापाचं जुनं धोतर काढलं. बाप जाऊन पाच वर्षं झाले होते. धोतर धुऊ-धुऊ लोण्यावानी मऊ झालेलं. यूट्यूबच्या बाईले "झबलं" म्हतलं, तिनं लगेच दाखोलं. मी कापाले बसलो.

सुनिता मागून आली. "काय कापून राहिले?"

"झबलं."

"कोनाचं?"

मी कापतच राहिलो. तिनं हातातून कैची घेतली.

"पोटातल्या लेकरासाठी सुई घेत नसतात," म्हणे. "आपल्या घरात बाराव्या दिवसापर्यंत लेकराच्या अंगाले शिवलेलं लावत नाई. जुन्या लुगड्याच्या, धोतराच्या फडक्यात गुंडायतात. बारसं झालं की मंग शिवा हौसेनं. तुमाले माईत नाई का हे?"

माईत होतं. आमच्याकडे सगळ्याईलेच माईत असते. पण मी म्हतलं, "पयल्या खेपेले आपण काई शिवलं नोतं. दुसऱ्या खेपेलेबी काई शिवलं नोतं. मंग?"

तिनं कैची माह्या हातात देली आन् म्हणे, "शिवा मंग." आन् आत जाऊन भांडे घासाले लागली, घासलेलेच.

मी खांदे जुळोले, मशीनखाली घेतले, पाय मारला. टाके असे सरळ पडले की मीच खुश. इतके सरळ माह्या बापजन्मात आले नोते. दोरा तोडला, झबलं उचललं... आन् एक तुकडा या हातात, एक तुकडा त्या हातात. दोरा तसाच मशीनले लोंबून राहिला.

म्हतलं, गजा, तू त हाये तसाच हायेस. खालचा दोरा भरला नसन. पाहिलं त भरलेला. सुई बदलली, तेल टाकलं, दोरा नवा लावला. एका चिंधीवर चालवून पाहिलं, पक्का टाका, दातानं तुटत नाई. झबल्यावर चालवलं – टाके पडतात, दिसतात, आन् उचललं की सुटतात. पाण्यावर रेघ मारल्यावानी.

मले वाटलं कापड जुनं हाये, मऊ हाये, दोरा धरत नसन. म्हणून त्याच धोतराचा शेजारचा तुकडा घेतला, त्याची थैली शिवली. मस्त शिवल्या गेली. थैलीत किलोभर गहू टाकून हालवली, काई झालं नाई. मंग नवीन झबलं कापलं. नाई धरलं.

आता पुढचं सांगाले लाज वाटते, पण सांगतो. चवथ्या दिवशी सुनिता वाडीत गेल्यावर मी मशीनले खोटं बोललो. खरंच. तिच्या चाकावर हात ठेवला आन् मोठ्यानं म्हतलं, "हे पाय, हे लेकराचं नाईच. हे मिक्सरचं कव्हर हाये." जसे काई आमच्या मिक्सरले दोन हात हायेत आन् गळा हाये. पाय मारला. खांदा जुळला, बाही जुळली... उचललं त तिन्ही तुकडे खाली. मंग मी सूड म्हणून खरंच मिक्सरचं कव्हर शिवलं, त्याच धोतराचं. ते आजही हाये. टरकवून पाहा कोनी बी.

हातानं शिवलं, हातसुईनं. तिथं तर गाठच सरकून जाये.

मंग मी मशीनची मुंडी, म्हणजे वरचा लोखंडी भाग, काढली, पोत्यात घातली आन् यष्टीनं अकोल्याले गेलो. जुन्या शहरात रफिकभाई म्हणून मशीन दुरुस्त करते, मोर्णेच्या पुलापासून थोडं आत. आता दुखरी कंबर आन् मांडीवर लोखंडाची मुंडी, अख्ख्या गाडीत मी एकटाच ताठ बसलेला. कंडक्टर म्हणे, काका, पोत्यात काय हाये? म्हतलं, बिघडलेली बाई. तो दुसऱ्या सीटवर गेला.

रफिकभाईनं मुंडी उघडली, पाहिली, बंद केली. "गजाभाऊ, मशीन को कुछ नहीं हुआ. तुमालेच काई झालं असन."

मी खिशातून झबल्याचे तुकडे काढले. आतल्या खिशातून... तोच शर्ट घातला होता. "हे शिवून दाखव मंग."

त्यानं त्याच्या स्वतःच्या मशीनवर शिवलं. त्याची मशीन लायटीवरची, तिचा टाका म्हणजे मुंग्याची रांग. दोन्ही खांदे दोन मिनिटात. त्यानं उचललं. सुटलं. त्यानं चष्मा लावला, परत शिवलं. सुटलं. तिसऱ्या खेपेले त्यानं शिवलंच नाई. तुकडे हातात घेऊन बसला.

"किसका है?" म्हणे.

"पोरीच्या लेकराचं. अजून व्हायचं हाये."

त्यानं झबल्याची नीट घडी केली, सुताचा गुंडा ठेवतात तशा कागदात बांधली आन् माह्या हातात देली. "अभी रख दो," म्हणे. "घाई कायची हाये." मंग चहा पाजला. मुंडी पोत्यात घालून देली.

घरी येऊन मी मशीन जोडली आन् पुडकं मशीनच्या खणात टाकून देलं. सुनिताले काई बोललो नाई. पण मी पाहिलं, ती मशीनजवळून जाताना हळू जाये.

नववा लागला तशी सुनिता अमरावतीले गेली. रीत म्हणजे पोरीनं बाळंतपणाले माहेरी याव लागते, पण डॉक्टरनं तिले हालाले मना केलं होतं. मी वाडीसाठी मागं राहिलो. म्हणजे लोकाईले असंच सांगतलं. खरं सांगू? दोन्ही खेपेले मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. डॉक्टरीण बाहेर आली तवा पयले मीच दिसलो तिले, दोन्ही खेपेले. म्हणून यावेळेस मी दारात नको, असं माह्या डोक्यात बसलं होतं. मी काई मानत नाई म्हणतो आन् हे असं.

एका सकाई साडेनऊले सुनिताचा फोन. "हिले आत नेलं. दिवस अजून भरले नोते. डॉक्टरीण म्हणते लेकराचे ठोके कमी-जास्त होऊन राहिले."

"मी येऊ?"

"तुमी बसा तिथंच. मी सांगते."

आता बसा म्हणणं सोपं हाये. मी पँट घातली, त उलटी घातली. काढली. वाडीत गेलो, वांग्याच्या जागी टमाटे तोडले, हिरवेच. परत घरी आलो. हात असे थरथरत होते की कपातला चहा बशीत आन् बशीतला शर्टावर. मले वाटलं हे हात कुठीतरी बांधले पायजेत. म्हणून मशीनवर बसलो. खण उघडला, जे हातात आलं ते सुईखाली घातलं. तेच झबलं होतं. सुटते हे माईतच होतं मले. म्हतलं, सुटो. पाय त हालतीन.

शिवलं, सुटलं. परत शिवलं, सुटलं. किती वेळ, ध्यान नाई. पूनम लहान होती तवाचं काई-बाई डोक्यात येऊन राहिलं होतं. ती माह्या पाठीवर बसून वाडीत येत होती ते. मी डोये पुसत होतो आन् पाय मारत होतो, उलटं-सुलटं काई पाहत नोतो.

आन् मशीनचा आवाज बदलला.

कसा ते सांगता येत नाई बाप्पा. इतके दिवस झबल्यावर ती खडखड वाजे, रिकाम्या डब्यावानी. एकदम भरल्यासारखी वाजाले लागली. मी पाय थांबोला. बाही आन् खांदा सुईखाली होते. मी काढले, उचलले... आन् ते आले. दोन्ही संगच आले. मी वढलं. धरलं होतं. जोर लावून वढलं. धरलं होतं. मोबाईल बाजूले होता, मी पाहिलं – अकरा बेचाळीस.

मंग मी थांबलोच नाई. दुसरा खांदा, दुसरी बाही, दोन्ही कडा, बंद. सगळं झालं तवा बाराले पाच कमी होते. मी ते झबलं मांडीवर ठेवलं आन् त्याच्याकडे पाहत बसलो. हात थरथरत नोते.

सव्वाबाराले फोन आला. सुनिता रडून राहिली होती, मले वाटलं संपलं. मंग म्हणे, "पोट्टी झाली. दोघी चांगल्या हायेत."

मी म्हतलं, "किती वाजता?"

"लेकरू कसं हाये ते विचारा ना. वेळ काय करता?"

"सांग त."

ती कोनालेतरी विचारून आली. "अकरा अडतीस लिवलं हाये कागदावर."

अडतीस. मले हासू आलं, आन् सुटल्यासारखं बी वाटलं. चार मिनिटं हुकलं होतं. म्हणजे काई नोतं. नशिबानं टाका धरला, हवा दमट होती, दोरा गरम झाला, काई बी. जुळलं असतं त मी घाबरलो असतो, नाई जुळलं ते बरं झालं. बेचाळीसचं मी सुनिताले सांगतलं, हासत-हासतच. तिनं आयकून घेतलं.

बाराव्या दिवशी बारशाले अमरावतीले गेलो. तोवर लेकरू माह्या बापाच्या धोतराच्या उरलेल्या फडक्यातच गुंडायलेलं होतं, सुनितानं नेलं होतं ते. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, बाया पांगल्या. मंग मी पिशवीतून झबलं काढलं. पिशवी बी मीच शिवलेली.

पूनमनं लेकराले घातलं. बंद बांधले. आन् तिचं तोंड वाकडं झालं.

"बाबा... ही बाही उलटी हाये."

पाहिलं त खरंच. डावी बाही आतली बाहेर लागलेली, शिलाई सगळी वरून दिसून राहिली. तेच ते, पयला धरलेला टाका. मी म्हतलं, "फॅशन हाये. आतला खिसाबी करणार होतो, पण तिच्याजवळ अजून ठेवाले काई नाई."

पूनम हासली. गालातल्या गालात नाई. मोठ्यानं, लहानपणी हासे तशी, इतकी की लेकरू दचकलं आन् रडाले लागलं. पूनम तिले थोपटत-थोपटत हासून राहिली होती आन् मी खिडकीकडे पाहून राहिलो होतो.

मंग लेकराचं रडणं थांबलं तशी पूनम म्हणे, "आता लगेच रडते, पाहा. झाली तवा रडलीच नोती."

"म्हणजे?"

"झाली आन् आवाजच नाई, बाबा. मी विचारून राहिली, रडत काहून नाई, रडत काहून नाई, कोनी बोलेच ना. त्याईनं तिकडे टेबलावर नेलं, पाठ चोळली, काय-काय केलं. मले वाटलं हेबी गेलं. तीन-चार मिनिटं असतीन, मले वर्षं वाटले. आन् मंग एकदम ओरडली."

सुनिता दारात उभी होती, हातात घुगऱ्याचं ताट. तिनं माह्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आमी पूनमले काई सांगतलं नाई. आजवर नाई सांगतलं.

परत येताना गाडीत मी म्हतलं, "अडतीस आन् चार किती होते वं?"

"तुमी चौथी नापास असान," ती म्हणे, "मी नाई." आन् अकोल्यापर्यंत डोये मिटून बसली.

रफिकभाईले मी जाऊन सगळं सांगतलं. तो म्हणे, दोऱ्याले पीळ कमी-जास्त असते, जुन्या कापडाले खळ राहते, अशे दहा कारणं हायेत. मी म्हतलं, मंग यातलं कोनतं? तो म्हणे, "यातलं एकही नाई, गजाभाऊ." आन् दुसऱ्याची मशीन उघडून बसला.

लेकरू आता पळते. झबलं केव्हाच लहान झालं, पूनमनं ते धुऊन आमच्याकडे ठेवाले देलं, मशीनच्या खणात हाये. त्या दिवशीपासून मशीननं मले कधी तरास देला नाई. गल्लीतल्या एकीनं सुनेसाठी आधीच झबलं शिवून मागतलं, मी म्हतलं, बाई, बारसं होऊ दे, लगेच शिवून देतो. ती म्हणे, तुमी कवापासून मानाले लागले? मी तिले एक पिशवी शिवून देली आन् वाटे लावलं.

एकच गोष्ट राहून गेली. ती उलटी बाही. मी शिवणारा माणूस हावो, वाकडं दिसलं की हात शिवशिवते. पाच मिनिटाचं काम, टाका उसवायचा, बाही सुलटी करायची, परत मारायची. आन् उसवून पाहिलं असतं त हेबी समजलं असतं, की तो साधाच टाका हाये का अजून काई. दोन-तीनदा ब्लेड घेऊन बसलो. झबलं मांडीवर घेतलं, शिलाईवर बोट फिरवलं.

नाई उसवलं. घडी करून परत खणात ठेवलं. मले नाई समजलं तरी चालते.